फुकट चालणारी तोफ

बाजारात त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. ही पदवी कुठल्या विद्यापीठानं दिलेली नव्हती. समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्यानं एकदा चेष्टेत दिली आणि ह्यानं ती मनापासून घेतली. टोमणा आणि शाबासकी यांतला फरक त्याला जन्मात कळला नाही. उलट कोणी नुसतं नावानं हाक मारली, तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

पदवी मिळाली म्हटल्यावर शोध लावणं भागच होतं. आधी त्यानं वाऱ्यानं न विझणारी मेणबत्ती काढली, तिच्यानं घरातला पडदा जळाला. मग एका पंख्याच्या वाऱ्यावर फिरणारा दुसरा पंखा काढला. तो फिरायचा, पण पहिल्या पंख्याचं बटण दाबलं तर. त्याबद्दल कोणी विचारलं की तो हात झटकून म्हणायचा, “तेवढं सोडा हो.” तेवढं सोडलं की दुसरा पंखा खरोखरच फुकट फिरायचा, यात काही शंका नाही.

धंदा स्पीकर दुरुस्तीचा. दुकान त्याच्या वडिलांनी काढलेलं. आत शिरलं की डिंकाचा आणि तापलेल्या झाळकामाचा वास यायचा. भिंतीला फाटलेल्या कागदी शंकूंचे स्पीकर टांगलेले, खालच्या फळीवर काढून ठेवलेले चुंबक, आणि त्या चुंबकांना चिकटलेले हरवलेले सगळे स्क्रू. दर्शनी भागात काउंटर, काउंटरमागे प्रोफेसर, आणि प्रोफेसरच्या मागे खिडकीपाशी वाइंडिंगचं टेबल. त्या टेबलाशी त्याची बायको बसायची. बाजार तिला वहिनी म्हणायचा.

आता खरं सांगायचं, तर दुकान टेबलावर चालायचं, काउंटरवर नाही. स्पीकरच्या पोटात तांब्याच्या तारेची एक बारीक गुंडाळी असते, तिला कॉइल म्हणतात. ती जळली की स्पीकर मुका होतो. नवी कॉइल गुंडाळायची म्हणजे केसासारखी तार कागदाच्या नळीवर वेढ्याला वेढा लावून बसवायची. एक वेढा दुसऱ्यावर चढला की संपलं, स्पीकर घरघर करतो. डोळ्यांना एवढं बारीक दिसत नाही, ते बोटाच्या टोकालाच कळतं. ही विद्या सासऱ्यांनी आधी मुलाला शिकवायला घेतली होती. मुलगा टेबलाशी बसला की पाच मिनिटांत त्याला तहान लागायची, मग भूक, मग एखादी थोर कल्पना सुचायची. शेवटी सासऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि सुनेला म्हणाले, “बस गं तू.” ती बसली. सासरे गेले तरी ती तिथंच बसलेली होती, आणि लांबलांबच्या दुकानांतून तिच्याकडे कॉइली यायच्या. तिच्या हातची कॉइल परत आली, असं कधी झालं नव्हतं.

काउंटरवर उभा राहून प्रोफेसर त्याच कॉइलींवर गिऱ्हाइकांना व्याख्यान द्यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण नागोबा निदान गप्प बसतो.

तर एके दिवशी काय झालं, काउंटरवर एक चुंबक पडला होता. नव्या धाटणीच्या स्पीकरमधला, दिसायला बटणाएवढा, पण ओढ अशी जबर की पकड त्याच्याजवळ नेली तर हातातून निसटायची. त्याच्या एका बाजूला बेअरिंगचे दोन छर्रे एकामागे एक चिकटलेले होते. तिसरा छर्रा प्रोफेसरच्या हातात. त्यानं तो रिकाम्या बाजूनं चुंबकाकडे हळूच सोडला, लहान मूल गोटी सोडतं तसा. छर्रा घरंगळत गेला, चुंबकाजवळ पोचताच एकदम झेपावला, टक् असा आवाज झाला, आणि पलीकडचा शेवटचा छर्रा सुटला तो थेट रस्त्यापलीकडे. चष्मेवाला तिथं दारात चहा घेत उभा होता. त्याच्या हातातला ग्लास फुटला.

चष्मेवाला ओरडत आला. प्रोफेसरला ते ऐकूच गेलं नाही. तो काउंटरवर दोन्ही तळवे आपटत होता. “हळू गेला आणि जोरात आला! बघितलंस? हळू गेला आणि जोरात आला! मधली ताकद कुठून आली?”

प्रश्न चांगला होता, हे मान्य करायला हवं. त्या माणसानं आयुष्यात विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न. दुर्दैव एवढंच की उत्तर त्याच्याकडे आधीच तयार होतं. “फुकट आली,” तो म्हणाला.

फुकट कुठली येते? त्यातली गोम अशी. चुंबक म्हणजे एक खड्डा समजा. खड्ड्यात पडायला जोर लागत नाही, पडता पडता वेगच वाढतो. येणारा छर्रा थेट चुंबकाला जाऊन भिडतो, म्हणजे खड्ड्याच्या पार तळाशी आदळतो. त्याचा दणका चुंबकातून आणि पहिल्या छर्ऱ्यातून पलीकडच्या शेवटच्या छर्ऱ्याला पोचतो. तो शेवटचा बसलेला असतो एक छर्रा सोडून, लांब, खड्ड्याच्या काठावर. तिथं चुंबकाची पकड ढिली. त्याला काठावरून बाहेर पडायला थोडंसंच पुरतं, आणि मिळालेला असतो तळापर्यंत पडण्याचा सगळा दणका. उरलेल्या जोरात तो पळतो. इथवर गंमत आहे. पण आलेला छर्रा आता तळाशी जाऊन बसला आहे, चुंबकाला घट्ट चिकटून. तोफ पुन्हा उडवायची, तर त्याला तिथून उपटून काढायला हवं, आणि नेऊन पलीकडे काठावर ठेवायला हवं. उडताना जेवढं मिळालं, तेवढं उपटताना मोजून द्यावं लागतं, वर आवाजात आणि घासण्यात गेलेलं वेगळं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे त्याला कोणी सांगितलं नाही असंही नाही. चष्मेवाला त्याच दिवशी म्हणाला, “प्रोफेसर, पण तो चिकटलेला काढावा लागतोच की.” प्रोफेसरनं त्याच्याकडे दयेनं बघितलं. “तेवढं सोडा हो.”

महिन्याभरात तोफ तयार झाली. सरकत्या खिडकीची अॅल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्या खाचेत ठरावीक अंतरावर चिकटपट्टीनं बांधलेले चार चुंबक, आणि प्रत्येकामागे दोन दोन छर्रे. एका टोकानं छर्रा सोडला की पहिल्या चुंबकामागून एक सुटायचा, तो दुसऱ्यावर आदळायचा, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, दर टप्प्याला वेग चढत जायचा, आणि शेवटचा छर्रा दुकानाच्या दारातून रस्त्यावर जायचा. तो कुठं पडला तिथं प्रोफेसर खडूनं खूण करायचा. रस्त्यावर खडूच्या खुणांची रांग लागली. येणारेजाणारे विचारायचे आणि प्रोफेसर सांगायचा. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी हा रस्त्यात उकिडवा बसून अंतर मोजत असायचा.

आणि दर खेपेला, अंतर मोजता मोजताच, मागे न बघता तो ओरडायचा, “भर!”

वहिनी कॉइलवर असायची. वाइंडिंगच्या मशीनचा दांडा मधे सोडता येत नाही, तार सैल पडते. ती दांड्याला चिमटा लावायची, उठायची, आणि तोफ भरायची. चारही चुंबकांना पुढून चिकटलेला एकेक छर्रा ओढून काढायचा आणि मागे लावायचा. सरळ ओढला तर निघायचाच नाही. निघालाच, तर सुटता सुटता उलटून पुन्हा झडप घालायचा आणि मधे बोट सापडायचं. तीनचारदा बोटांत रक्त साकळल्यावर तिला आपोआप समजलं की छर्रा ओढायचा नसतो, अंगठ्याच्या नखानं कडेला सरकवत न्यायचा. तेव्हापासून बोट सापडायचं कमी झालं, पण जोर तर लागायचाच. नख तुटायचं, अंगठ्याचं टोक सोलायचं. भरून झालं की जाऊन बसायची, चिमटा काढायची, आणि दोन वेढे घालते न घालते तोच पुन्हा आवाज यायचा.

“भर!”

“अहो, हातात कॉइल आहे माझ्या.”

“अगं, दोन सेकंदांचं काम. इथं शोध लागतोय आणि तू कॉइल घेऊन बसलीस!”

“मग तुम्हीच भरा ना.”

“मी भरत बसलो तर निरीक्षण कोण करणार?”

निरीक्षण! छर्रा किती लांब गेला, किती उसळला, तोफ थंड असताना किती गेला, गरम असताना किती गेला, हे सगळं त्यानं निरखलं. पट्टीच्या मागच्या बाजूला कोणाचे हात येतात आणि जातात, एवढं मात्र त्या निरीक्षणात कधी आलं नाही. त्याच्या लेखी तोफ आपोआप भरायची, जशी घरातली पिण्याच्या पाण्याची भांडी आपोआप भरायची आणि धुतलेले कपडे आपोआप कपाटात जायचे.

वहिनीच्या अंगठ्याचं टोक हळूहळू निबर झालं. पहिल्या बोटाचंही. एका सकाळी तार हातात घेतली आणि तिला ती लागेचना. दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती. ती घाबरली. तिनं डाव्या हाताचं बोट लावून बघितलं, मग तार ओठांवरून फिरवून बघितली. ओठांना लागली. त्या दिवशी तिनं कॉइल केली ती अंदाजानं.

चार दिवसांनी ती कॉइल परत आली. गिऱ्हाइकानं स्पीकर काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, “घरघरतोय.” एक वेढा चढला होता. ती उठून काही बोलणार, एवढ्यात प्रोफेसर हसत गिऱ्हाइकाला म्हणाला, “काय करणार, बायकांचं लक्ष एका जागी नसतं. मी बघतो नीट करून द्यायचं.”

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं कॉइल उलगडली आणि पहिल्यापासून पुन्हा गुंडाळली, डोळ्यांतलं पाणी तारेवर पडू नये म्हणून मान मागे घेऊन. दुःखानं नाही आलं ते पाणी. असा संताप आला होता की हातातला दांडा त्याच्या टाळक्यात घालावा.

त्यानंतर प्रोफेसरच्या डोक्यात कडं आलं. सरळ पट्टीतून छर्रा बाहेर पडून वाया जातो, मग पट्टीच गोल वाकवली तर? शेवटचा छर्रा फिरून पहिल्या चुंबकाशी येईल, पुन्हा टक्, पुन्हा टक्, आणि एकदा सोडलं की कायमचं चालू. त्याला दट्टे लावायचे, दट्ट्यांना जनित्र, जनित्राला सगळा बाजार. विजेची बिलं बंद. चष्मेवाल्याला त्यानं आगाऊच सांगून टाकलं की तुझं बिल माझ्याकडून.

कडं झालं. छर्रा सोडला. टक्, टक्, टक्, टक्, आणि छर्रा वळसा घेऊन पहिल्या चुंबकाशी आला. तिथं आता पुढच्या बाजूला आधीचा छर्रा चिकटून बसला होता, आणि मागे उरलेला एकुलता एक, तोही चुंबकाला बिलगून. काठावर कोणीच नव्हतं. ठप् असा आवाज झाला आणि सगळं जिथल्या तिथं थांबलं.

प्रोफेसरनं आधी चुंबकांना शिव्या घातल्या. मग पट्टीच्या वळणाला, मग जमिनीच्या उताराला, मग दमट हवेला. नाचता येईना अंगण वाकडं, पण ह्याचं तर सगळं घरच वाकडं निघालं. अखेर त्याचा निष्कर्ष निघाला की कडं लहान आहे. मोठं हवं, मोठ्या चुंबकांचं. आणि मोठ्या कड्याला जागा हवी.

त्यानं दुकानभर नजर फिरवली आणि ती खिडकीपाशी थांबली.

“हे टेबल काढू या,” तो म्हणाला.

वहिनीनं चिमटा लावला आणि वळली. “कुठलं टेबल?”

“हेच. वाइंडिंगचं. नाहीतरी कॉइल गुंडाळण्याचे दिवस संपलेत. तयार मिळतात आता. तुझ्या कॉइली परतही यायला लागल्यात.” आणि वर समजुतीच्या सुरात, “तुलाही विश्रांती. तू नुसतं कडं भरायचंस.”

वहिनीनं टेबलाच्या कडेवर हात ठेवला. हे टेबल तिला सासऱ्यांनी दिलं होतं. नवरा दिला तो काही तिनं मागितला नव्हता, पण टेबल तिनं कमावलं होतं. त्या टेबलाशी बसून तिनं घर चालवलं, ह्याचे चुंबक आणि ह्याचे छर्रे आणले. ते गेलं की तिच्यापाशी राहणार होते फक्त भरायचे हात.

“रविवारी व्यापारी मंडळाच्या सभागृहात तुम्ही तोफ दाखवणार आहात ना?” तिनं विचारलं.

“सगळा बाजार येणार आहे.”

“मग तिथं लागोपाठ तीनदा उडवून दाखवा. पहिल्या खेपेला भरून मी देईन. नंतर मी हात लावणार नाही, लांब बसेन. तीनदा उडाली तर टेबल मी स्वतः उचलून बाहेर ठेवीन. नाही उडाली, तर टेबल हलणार नाही, आणि माझ्याकडून पुन्हा तोफ भरून घ्यायची नाही.”

प्रोफेसर मोठ्यानं हसला. “तीनदा? अगं, तीसदा उडवतो! तू जवळ असलीस काय न् नसलीस काय, तोफेला काय फरक पडतो?”

“तेच बघू.”

“लागली पैज,” तो म्हणाला, आणि लगेच चष्मेवाल्याला जाऊन सांगून आला की टेबल रविवारी संध्याकाळी निघतंय, हवं असेल तर घेऊन जा.

रविवारपर्यंत त्यानं खूप तयारी केली. भाषण पाठ केलं, नवा शर्ट घेतला, छर्रे पुसून चकचकीत केले. भरायची तयारी केली नाही. जे काम नाहीच, त्याची तयारी कोण करतो?

सभागृह व्यापारी मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. बाजाराला सुट्टी, करमणूक फुकटची, त्यामुळे खुर्च्या भरल्या. मंचावर टेबल, टेबलावर तोफ, तोफेच्या टोकासमोर मंचाच्या दुसऱ्या टोकाला उभा केलेला पत्र्याचा डबा, आणि प्रोफेसरच्या तोंडासमोर माइक. वहिनीनं ठरल्याप्रमाणे तोफ भरून दिली, चारही टप्पे एकदा बोटानं चाचपले, आणि खाली उतरून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

भाषण लांबलं. निसर्गाचं भांडार, मानवजातीची तहान, परदेशी कंपन्यांची कारस्थानं, सगळं झालं. पुढच्या रांगेतला खेळण्यांचा घाऊक व्यापारी दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाला, “उडवा हो आता.”

प्रोफेसरनं छर्रा सोडला.

उडाली, आणि झकास उडाली. टक् टक् टक् टक् करत शेवटचा छर्रा असा काही सुटला की डबा उलटून मंचाखाली पडला. टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. वहिनीलाही क्षणभर बरं वाटलं, कारण भरलेली तोफ तिची होती.

“ही ताकद येते कुठून?” खेळणीवाल्यानं विचारलं. त्याच्या डोळ्यांत धंदा दिसायला लागला होता.

“कुठून नाही. फुकट!” प्रोफेसर माइकमधून गरजला.

“वा! पुन्हा उडवा.”

प्रोफेसरनं डबा उभा करायला पाठ फिरवली आणि सवयीनं, मागे न बघता, ओरडला, “भर!”

माइकमुळे ते सगळ्या सभागृहात घुमलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणाला सांगतोय हा? प्रोफेसर वळला. तोफ होती तशीच होती. चार चुंबक, चारांना पुढे मागे एकेक छर्रा घट्ट चिकटलेला. त्यानं वहिनीकडे अशा नजरेनं बघितलं की जणू यंत्राचा एखादा भाग निखळून तिसऱ्या रांगेत जाऊन बसला आहे.

“अगं, भर ना,” तो दबक्या आवाजात म्हणाला. तेही घुमलं.

“पैज काय ठरली होती?” ती बसल्या जागेवरून म्हणाली.

तो कसनुसं हसला, लोकांना म्हणाला, “दोन सेकंदांचं काम,” आणि त्यानं पहिला छर्रा दोन बोटांत धरून ओढला. निघाला नाही. दुसरा हात लावून जोरात ओढला. छर्रा सुटला, हातातून निसटला आणि गिरकी घेऊन पुन्हा तिथंच चिकटला. कोणीतरी हसलं. प्रोफेसरच्या कपाळावर घाम आला. दोन सेकंद कधीच होऊन गेले होते, आणि त्यानंतरचे कित्येक. तिसऱ्या खेपेला त्यानं दात ओठ खाऊन असा हिसका दिला की छर्ऱ्यासकट चुंबकच चिकटपट्टीतून उखडून हातात आला. तो पट्टीवरून सरकला, पुढच्या चुंबकाच्या टप्प्यात आला, आणि दोन्ही चुंबक एकमेकांवर झेपावले. मधे प्रोफेसरचं बोट होतं.

तो असा किंचाळला की माइक शिट्टी वाजवायला लागला.

चष्मेवाला धावला, खेळणीवाला धावला. एकानं इकडचा चुंबक धरला, एकानं तिकडचा, आणि दोघं रस्सीखेच खेळल्यासारखे ओढायला लागले. जरा फट पडायची आणि हात घसरून चुंबक पुन्हा बोटावर बसायचे. दर खेपेला प्रोफेसर नव्या सुरात ओरडायचा, आणि दर खेपेला सभागृह हसायचं. तिसऱ्या रांगेत वहिनीच्या शेजारची बाई म्हणाली, “अहो, जा ना वर!”

वहिनी लगेच उठली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. तो ओरडत होता आणि तिला वाटत होतं, ओरडू दे अजून एकदा. मग ती उठली आणि वर गेली.

“सोडा दोघं,” ती म्हणाली. “ओढायचं नसतं. सरकवायचं असतं.”

तिनं अंगठ्याचं नख एका चुंबकाच्या कडेला लावलं, मनगटात सगळा जोर आणला, आणि त्याला आडवा सरकवत नेला. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. चुंबक बोटावरून उतरला. प्रोफेसर मटकन खुर्चीत बसला. बोट काळंनिळं झालं होतं, नखाखालून रक्त येत होतं. तो त्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या अंगठ्यावर गेली, त्या निबर, सोललेल्या, तुटक्या नखाच्या अंगठ्यावर. तो अंगठा त्याच्यासमोर रोज होता. बहुधा त्यानं तो पहिल्यांदाच बघितला.

“एवढा जोर लागतो?” त्यानं विचारलं. माइक चालूच होता.

“लागतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी. चारही ठिकाणी.”

प्रोफेसर तोफेकडे बघायला लागला. या टोकाकडून त्या टोकाकडे, एकेका चुंबकावरून नजर नेत, ओठांत काहीतरी पुटपुटत. चष्मेवाला, खेळणीवाला, सगळे थांबले. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत होतं, आणि ते बघायला मजा येत नव्हती.

“मग हे फुकट नाही,” तो म्हणाला.

सगळं सभागृह फुटलं. लोक खुर्च्यांवर वाकून हसायला लागले, चष्मेवाला डोळे पुसायला लागला. वहिनीला हसू आलं नाही. जन्मभरात हा एक वाक्य बरोबर बोलला, आणि ते बोलायला स्वतःचं बोट चेचावं लागलं, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

“माझी बोटं होती तोवर फुकटच होतं,” ती म्हणाली. “टेबल हलणार नाही.”